मे महिन्यातलं तळं: संध्याकाळी पक्षी बघायला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

पक्षी बघायचे ते थंडीत, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत भिगवणच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, आणि होळी झाली की तीच मंडळी दुर्बिणी कपाटात ठेवून देतात. थंडीपुरते आलेले पाहुणे पक्षी परत जातात हे खरं आहे. चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक हे बहुतेक मार्चअखेर उत्तरेला निघून गेलेले असतात. पण जे पक्षी बारा महिने आपल्या तळ्यावर राहतात, त्यांच्या घरातली खरी धामधूम सुरू होते ती आपण पंख्याखाली पडलेले असतो तेव्हा. जोड्या जुळतात, पिसांचे रंग बदलतात, अंडी घातली जातात. हे सगळं दिसतं एप्रिल-मेच्या संध्याकाळी, दोन-अडीच तासांत, आणि फार लांब न जाता.

मी इंदापूर तालुक्यातली, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या बाजूची. त्यामुळे उदाहरणं इथली येतील. पण पुण्याचा पाषाण तलाव असो, निफाडजवळचं नांदूर मधमेश्वर, कोल्हापूरचा कळंबा किंवा तुमच्या गावाबाहेरचा बिननावाचा पाझर तलाव, रीत तीच आहे.

तळं कसं निवडायचं

पहिल्या खेपेला मोठं धरण नको. घरापासून अर्ध्या तासावरचं, एका नजरेत मावणारं तळं शोधा. मोठ्या पाण्यावर पक्षी लांब असतात, नुसते ठिपके दिसतात, आणि नवख्या माणसाचा हिरमोड होतो.

तळ्याचा काठ बघून निर्णय घ्या. सिमेंटची भिंत, खोल पाणी आणि बोटिंग असेल तिथे फारसं काही मिळणार नाही. उथळ काठ, उघडा पडलेला गाळ, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी, एखाद्या कोपऱ्यात पाणकणसाचं बेट, एवढं असलं की पुरे. गाव जवळ असलं तरी चालतं. म्हशी पाण्यात बसत असतील तर उलट चांगलंच, कारण म्हशीपाठोपाठ गायबगळे येतात.

उन्हाळ्यात काठ इतका भरलेला का असतो, हे समजून घेतलं तर कुठे नजर लावायची ते आपोआप कळतं. पाणी आटतं तसे मासे उरलेल्या डबक्यांत कोंडले जातात आणि चिखलातले किडे, गोगलगायी, शंख उघड्यावर येतात. ज्याला गाळात चोच खुपसून खायचं आहे आणि ज्याला उथळ पाण्यात उभं राहून मासा टिपायचा आहे, त्या दोघांसाठी ही सुगी असते. आमच्याकडे वर्तमानपत्रात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली, साधारण ६३ टीएमसीच्या मृतसाठ्यात उतरलं. शेतकऱ्याच्या पोटात त्या बातमीने गोळा येतो, आणि मलाही ती वाचून बरं वाटत नाही. पण त्याच दिवसांत मैलभर रुंद गाळ मोकळा होतो, पळसदेवचं एरवी पाण्याखाली असणारं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं, आणि त्या गाळावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात.

गाळपेराच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी कलिंगड, काकडी किंवा मका लावलेला असेल तर तिथून जाताना विचारून जा. ‘राम राम दादा, पाखरं बघायला आलोय, बांधावरनं जाऊ का?’ एवढं म्हटलं तरी बहुतेक वेळा ते स्वतःच दाखवायला येतात. काठावर जाळं विणत बसलेल्या मच्छीमारांशीही बोला. कोणता पक्षी रोज कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. धरणाच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय चढू नका. तिथे पाटबंधारे खात्याचे नियम असतात आणि चौकीदाराशी वाद घालण्यात संध्याकाळ जाते.

सोबत काय न्यायचं

दुर्बीण असली तर उत्तम. विकत घेणार असाल तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या मोहात पडू नका. बारापट दुर्बीण हातात थरथरते, आणि संध्याकाळच्या कमी होत जाणाऱ्या उजेडात पटीपेक्षा भिंगाचा आकार जास्त कामाला येतो. पण पहिल्या दोन-तीन वेळा कुणाची तरी मागून न्या. आपल्याला हा नाद लागणार की नाही ते आधी कळू दे.

दुर्बीण लावायची एक युक्ती कुणी सांगत नाही आणि तिच्यावाचून नवीन माणूस हैराण होतो. पक्षी नुसत्या डोळ्यांनी पकडा. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधत बसलात तर आभाळ आणि पाणी याशिवाय काही सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडून किंवा फिरवून आत घ्या. आणि मावळता सूर्य कितीही मऊ दिसला तरी दुर्बिणीतून त्याच्याकडे बघायचं नाही. लहान मुलं सोबत असतील तर हे त्यांना निघण्याआधीच सांगा.

बाकी सामान साधं आहे. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, घोटा झाकणारे बूट, बसायला एखादं पोतं किंवा चटईचा तुकडा, खिशात मावणारी वही, पेन्सिल आणि परतीसाठी टॉर्च. पांढरा शर्ट घरी ठेवा, तो उन्हात अर्ध्या किलोमीटरवरून चमकतो. अत्तर-स्प्रेने पक्ष्यांचं काही बिघडत नाही, पण मधमाश्या आणि चिलटं मागे लागतात.

किती वाजता आणि कोणत्या काठाला

आमच्या भागात एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, मेच्या शेवटी सातच्या थोडं पुढे. सव्वापाचपर्यंत पोहोचायचं. त्याआधी जाऊन उपयोग नाही. गाळावरून झळा उठत असतात, दुर्बिणीत सगळं पाण्यात पडलेल्या चित्रासारखं हलतं, आणि पक्षीही सावलीला चोच उघडी टाकून धापा टाकत बसलेले असतात. त्या वेळी त्यांना उठवणं म्हणजे त्यांच्या अंगातली उरलीसुरली ताकद खर्च करायला लावणं.

तळ्याच्या पश्चिम काठाला बसा. सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या पक्ष्यावर उजेड पडतो. पूर्वेला बसलात तर प्रत्येक पक्षी काळा दिसेल आणि तुम्ही घरी येऊन ‘सगळे पाणकावळेच होते’ म्हणाल. जागा निवडताना पाठीमागे काहीतरी हवं: बाभूळ, बांध, मोठा दगड. आभाळाच्या रेषेवर उभा असलेला माणूस पक्ष्याला लांबून दिसतो, झुडपाला टेकून बसलेला दिसत नाही.

आणि मग बसून राहा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तळ्याला चक्कर मारू नका. एका जागी बसा आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलू नका.

तुम्ही आलात तेव्हा टिटवीने ओरडून सगळ्या तळ्याला कळवलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. नवखी माणसं इथेच उठतात आणि पुढच्या काठाला जातात, तिथे पुन्हा टिटवी ओरडते, पुन्हा सगळं उडतं. असं करत ती पूर्ण तळं रिकामं करतात. बसून राहिलात तर विसाव्या मिनिटाला एखादा शेकाट्या लांब गुलाबी पायांनी चालत परत येतो, मग धोबी शेपूट हलवत येतो, मग वंचक हा छोटा बगळा, जो मघापासून चार हातांवरच होता, तो हलल्यामुळे दिसतो.

बसून राहण्याचा सगळ्यात मोठा मोबदला मला एका पाझर तलावावर मिळाला. मेचा दुसरा आठवडा होता, साडेपाच वाजून गेले तरी दगडाला हात लावला तर चटका बसत होता. एक टिटवी चालत पाण्याकडे गेली. पाणी प्यायची म्हणून गेली असेल असं वाटलं. ती पोटापर्यंत पाण्यात उतरली, खाली वाकली, आणि अंग डावीकडे-उजवीकडे घुसळत राहिली. मग उडाली नाही, पुन्हा चालतच निघाली. ओली, पोटाची पिसं चिकटलेली. काठापासून तीसेक पावलांवरच्या खडकाळ तुकड्यात दुसरी टिटवी बसलेली होती, ती मला तोपर्यंत दिसलीच नव्हती. ती उठली, ही तिच्या जागी गेली, पाय थोडे फाकवून हळूच खाली टेकली. दुर्बिणीतून बघितलं तेव्हा कळलं: खाली अंडी होती. चार, टोकं आत करून मांडलेली, मुरमाच्या रंगाची. ओल्या पोटाने ती अंडी गार करत होती. तासाभरात तीन वेळा पाळी बदलली. दर वेळी तेच: चालत जायचं, भिजायचं, चालत यायचं. टिटवीचं ओरडणं अशुभ मानणारी माणसं अजून आहेत. आमच्याकडचे म्हातारे शेतकरी मात्र तिची अंडी कुठे आहेत ते बघतात. उंचावर असली तर पाऊस बक्कळ, खाली ओढ्यात असली तर कमी, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबापायी ते अंडी शोधून ठेवतात आणि त्यांच्या आसपास औत फिरवत नाहीत, मला हे फार मोलाचं वाटतं.

यातून एक नियम निघतो. उन्हाळ्यात तळ्याचा उघडा काठ म्हणजे पाळणाघर असतं. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय यांची घरटी म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. पायाखाली आलं तरी कळत नाही. टिटवी डोक्यावरून झेपा घ्यायला लागली किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे चालायला लागला, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. पुढे जाऊ नका, वळसाही घालू नका. आल्या पावलांवरून मागे फिरा. अंडी दिसली तरी फोटोसाठी थांबू नका. मेच्या उन्हात पक्षी दहा मिनिटं उठून राहिला तर अंड्यातला जीव शिजतो.

पहिल्या संध्याकाळी कुणाला ओळखायचं

शंभर नावं पाठ करून जाऊ नका. आधी आकार बघायची सवय लावा. हा चिमणीएवढा आहे, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच लांब की आखूड, सरळ की वाकडी. मग पाय. रंग सगळ्यात शेवटी, कारण संध्याकाळचा उजेड रंगांना फसवतो.

टिबुकलीपासून सुरुवात करा. ती प्रत्येक तळ्यावर असते. कबुतराहून लहान, गोल, शेपूट नसल्यासारखी. दिसते आणि बुडते, आणि तुम्ही बघत असता त्याच्या पाच-सात हात पलीकडे बाहेर येते. उन्हाळ्यात तिची मान तांबूस होते आणि चोचीच्या मुळाशी एक पिवळा ठिपका उठून दिसतो. खिदळल्यासारखा लांबलचक आवाज पाण्यावरून आला तर तो हिचा. पाण्यावरच्या शेवाळाच्या ढिगावर ती घरटं करते, आणि उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढून घेते. उन्हाळा सरता सरता पिल्लं तिच्या पाठीवर बसलेली दिसली तर तिथून हलावंसं वाटत नाही.

हळदी-कुंकू बदक हे आपल्याकडचं, बारमाही. पाहुणी बदकं गेल्यावर तळ्यावर जे जोडीने फिरताना दिसतं ते बहुधा हेच. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन बाजूंना लाल ठिपके. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने पक्षी जवळून बघितला होता. तसंच वारकरी. अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा. याची मोठी गर्दी थंडीतच असते, पण थोडे मागे राहतात.

शेकाट्या सांगावा लागत नाही, तो पायांवरून ओळखू येतो. खंड्या तारेवर किंवा वठलेल्या फांदीवर. काळा-पांढरा कवड्या धीवर मात्र हवेत एका जागी पंख फडफडत थांबतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो, हे एकदा तरी बघाच.

आता पांढरे बगळे. इथे भलेभले चुकतात. गायबगळा सोपा, उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी रंग चढतो. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी, जणू पिवळे मोजे घालून चिखलात उतरलाय. खरा घोळ मोठ्या बगळ्याचा. थंडीत त्याची चोच पिवळी असते म्हणून पुस्तकात बघून आपण तेच पाठ करतो. विणीच्या दिवसांत तीच चोच काळी होते, डोळ्यापुढची कातडी हिरवट-निळी होते आणि पाठीवरून झालरीसारखी पिसं लोंबतात. तेव्हा उन्हाळ्यात चोचीच्या रंगावर विसंबू नका. उंची बघा, आणि तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते का ते बघा. गेली तर मोठा बगळा.

वंचकही असाच रूप पालटतो. वर्षभर मातकट, रेघारेघांचा, गवतात दिसूनही न दिसणारा. मेमध्ये त्याची पाठ गर्द मरून होते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नवीनच पक्षी सापडला असं वाटलं होतं.

भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर जाणाऱ्यांनी कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी शोधावा. पावसाळा जवळ आला की त्याला लांब, खाली वाकलेलं शेपूट येतं आणि मानेमागे सोनेरी पट्टा चमकतो. त्याच्याकडे अंडी नर उबवतो.

सूर्य टेकल्यावर

बहुतेक लोक सूर्य मावळला की उठतात. मी सांगेन, हीच वेळ बसायची. पुढची तीस-चाळीस मिनिटं आभाळ चालतं.

बगळे, पाणकावळे, शराटी, साळुंक्या दिवसभर कुठे कुठे विखुरलेले असतात आणि रात्रीला ठरलेल्या झाडांवर एकत्र येतात. याला रातथारा म्हणतात. बुडालेल्या बाभळी ही त्यांची आवडती जागा, कारण चारही बाजूंनी पाणी असलं की मांजर, मुंगूस, कुत्रं पोहोचत नाही. आधी दोन-दोन, पाच-पाच येतात. मग रांगा लागतात. पाणकावळे पाण्याला घासून काळ्या दोरीसारखे जातात, बगळे वरून. झाडावर जागेवरून भांडणं होतात, फांद्या वाकतात, आणि हळूहळू सगळं शांत होतं. त्याच वेळी उलट दिशेने कुणीतरी बाहेर पडतं. ‘क्वाक्’ असा एकटा, घोगरा आवाज डोक्यावरून जातो. तो रातबगळा. दिवसपाळी घरी आली, रातपाळी निघाली.

थवा मोजायला शिका. दहा पक्षी एक-एक मोजा, त्या दहांनी थव्याचा किती भाग व्यापला ते डोळ्यांत धरा, आणि मग तेवढे तुकडे मोजत जा. सुरुवातीला चुकेल. आठ-दहा संध्याकाळी केलंत की हात बसतो.

रातथाऱ्याच्या झाडांवर टॉर्च मारायचा नाही, टाळी वाजवून थवा उडवायचा नाही, ड्रोन तर नाहीच. एकदा उठवलेला थवा अंधारात पुन्हा नीट बसत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणंही विणीच्या दिवसांत करू नका. समोर दुसरा नर आलाय असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो.

उजनीवर आलात तर

छोट्या तळ्यावर चार-सहा संध्याकाळी घालवल्या की मग या. कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला स्थानिक मच्छीमार बोटीतून पक्षी दाखवतात. त्यांना विचारायला संकोच करू नका. ‘काय मामा, रोहित आज कुठं?’ म्हटलं की ‘पल्याडच्या गाळाला, सकाळपासनं हलले नाहीत’ असं नेमकं उत्तर मिळतं. रोहित थंडीत येतात आणि पाणी उतरत जातं तसे उन्हाळ्यात उथळ गाळावर जमतात. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात, पायांनी जागच्या जागी चिखल ढवळतात आणि वर आलेलं बारीकसारीक चोचीच्या चाळणीतून गाळून घेतात. अंगावरचा गुलाबी रंग त्याच खाण्यातून येतो, म्हणून लहान पिल्लं राखी असतात. बोटवाल्याला आधीच सांगा की थवा उडवायचा नाही. तो उडवतो ते पर्यटक मागतात म्हणून. तुम्ही ‘नको’ म्हटलंत तर त्यालाही आनंद होतो, कारण उद्या त्याला तेच पक्षी पुन्हा दाखवायचे असतात.

भादलवाडीच्या तलावात आणि इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचेवर चित्रबलाक या करकोच्यांची वीण होते. अशा वसाहतीला सारंगागार म्हणतात. सोलापूरचे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून हा सुंदर शब्द मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. उन्हाच्या वेळी आई किंवा बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा राहिलेला इथे दिसेल. संध्याकाळी ऊन उतरलं की मोठे पक्षी मासे आणायला निघतात आणि झाडावर एकच कालवा होतो. झाडापासून लांब, गाडीच्या आडोशाने बघा.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालायचंच, आणि वारा सुटला किंवा ढग दाटले तर फेरी रद्द करायची, पैसे भरलेले असले तरी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्यावर वळवाचा वारा काही मिनिटांत लाटा उभ्या करतो.

काठावरचे धोके

गाळ सगळ्यात फसवा. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत रबडी असते. जनावरांच्या खुरांच्या ताज्या वाटेवरूनच चाला, आणि ती वाट संपली की थांबा. रोहितांच्या जवळ जायच्या नादात माणसं कमरेपर्यंत रुतलेली मी पाहिली आहेत.

बांधाच्या दगडी पिचिंगमध्ये घोणस असते आणि ऊन उतरल्यावर बाहेर येते. दगडांच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी जागा काठीने ठोका, अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय एक पाऊल टाकू नका.

विजा चमकायला लागल्या तर मोकळ्या काठावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. सरळ गाडीत किंवा पक्क्या घरात. वळीव येतो तो संध्याकाळीच, म्हणून हे लिहिते आहे. दोघं-तिघं मिळून जा आणि कुठल्या तळ्यावर चाललात ते घरी सांगून जा.

जखमी पक्षी सापडला तर

उन्हाने गळालेला किंवा जाळ्यात-मांजात अडकलेला पक्षी या दिवसांत भेटतो. अंगावर सुती कापड टाकून उचला, बगळा-करकोचा असेल तर चोच आधी धरा, तो डोळ्यावर मारतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. वन विभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर फोन करा आणि सांगतील तसं करा. घरी पाळायला नेऊ नका, ते बेकायदाही आहे. काठावर पडलेले तुटके नायलॉनचे जाळ्याचे तुकडे दिसले तर गोळा करून आणा, बसल्या बसल्या होणारं काम आहे.

वहीत काय लिहायचं

तिथेच बसून लिहा, घरी गेल्यावर निम्मं विसरतं. तारीख, वेळ, तळ्याचं नाव, पाणी कुठपर्यंत उतरलंय, वारा, आणि मग पक्षी व संख्या. ओळखता आला नाही त्याचं चित्र काढा, कितीही वेडंवाकडं आलं तरी चालेल. चोच आणि पाय नीट काढा. माझ्या जुन्या वहीत ‘लांब चोच, तपकिरी, चिखलात, ओळखला नाही’ असं सात ठिकाणी आहे, त्यातले पाच मला पुढे चित्रांवरून कळले.

मोबाइलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप मिळतं, ते फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवतं. त्याचं म्हणणं सूचना म्हणून घ्या, निकाल म्हणून नाही. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर तुमच्या गावतळ्याची नोंद अभ्यासकांना वापरता येते. मोठ्या अभयारण्यांच्या याद्या ढिगाने आहेत, मेमधल्या पाझर तलावाच्या फारच थोड्या. दर वर्षी मे महिन्यात ‘ग्लोबल बिग डे’ला जगभरातून एका दिवसाच्या याद्या येतात. तुमची पहिली यादी त्या दिवशी टाकलीत तरी चालेल, आठ पक्ष्यांची असली तरी. फक्त घरट्याची नेमकी जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

परतताना

सामान उचलताना आपला कचरा आणि जवळ पडलेली एखाद-दुसरी बाटलीही उचला. गाडीचा दरवाजा हळू लावा.

कच्च्या रस्त्याने पहिले एक-दोन किलोमीटर अगदी सावकाश चालवा. दिवसभर तापलेल्या धुळीत रातवा हा रात्री फिरणारा पक्षी बसलेला असतो, मातीच्याच रंगाचा, आणि दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात. तो शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही, म्हणून चाकाखाली येतो. दिसला तर गाडी थांबवा, दिवे डिम करा आणि काच खाली घ्या. तो उठून पुढच्या वळणावर जाऊन बसेल, आणि शेतातून त्याचा ‘चक्-चक्-चक्’ आवाज सुरू होईल. वहीत त्या दिवशीचा शेवटचा पक्षी म्हणून त्याला लिहून घ्या, वेळ घालून.